पुढची दोन चाकं तुमची

मु. पो. मखमलाबाद, नाशिक
घटस्थापनेचा दुसरा दिवस, शुक्रवार, सन २००४

मोतीरामभाऊ यांस,

कोंडाजीचा रामराम पोचावा. इकडे सगळं ठीक आहे. सगळं म्हणजे मी, दोन गाई, झेंडू आणि फुलं तोडायला येणारी भागीबाई. तिकडे तुमची, प्रतिभाची (तिला नुसतं प्रतिभा म्हणायचा हक्क मला अजून आहे असं धरून चाललोय) आणि तुमच्या डाव्या गुडघ्याची तब्येत कशी आहे ते कळवावं. गुडघ्याला तेल चोळता की नुसतीच बाटली फळीवर ठेवून तिच्याकडे बघता? तुमचा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून विचारलं.

वर नुसतं 'मोतीरामभाऊ' बघून तुम्हाला चुकल्यासारखं वाटेल, तर आधी त्याचा खुलासा करतो. त्या एका शब्दापायी माझे तीन कागद खराब झाले. पहिल्यावर हात सवयीनं 'व्याहीबुवांस' लिहून गेला. ते खोडलं, कारण जीवन-प्रतिभाची फारकत होऊन आता चार महिने झाले, कोर्टानं ते नातं मोडीत काढलं, आणि सरकारी कागदाच्या विरुद्ध लिहिणारा मी कोण? दुसऱ्यावर 'माननीय महोदय' लिहिलं, तर पत्र पाटबंधारे खात्याला चाललंय असं दिसायला लागलं. तिसऱ्यावर 'प्रिय मित्र' लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. एकसष्ट वर्षांचा माणूस त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला प्रिय मित्र म्हणतोय, हे पोस्टमनच्या हाती लागलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाही. शेवटी भाऊ लिहिलं. भाऊ कुणालाही म्हणता येतं, बसच्या कंडक्टरलासुद्धा, त्याला कोर्टाची हरकत नसावी.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा फोन का केला नाही म्हणाल, तर केला होता. दोनदा. दोन्ही वेळा प्रतिभानं उचलला, हॅलो, कोण बोलतंय म्हणाली, आणि माझी बोबडी वळली. तुझा सासरा बोलतोय म्हणावं तर ते आता खोटं, आणि कोंडाजी बोलतोय म्हणावं तर सुनेला आपलं नाव सांगायची पाळी माझ्यावर कधी आलेली नव्हती. ठेवून दिला. दुसऱ्या खेपेला ती जरा चिडल्यासारखी वाटली. तुम्ही गल्लीतल्या एखाद्या टारगट पोरावर संशय घेतला असेल तर त्या पोराला मोकळं करा, तो मी होतो.

तर पत्रास कारण, गाडीचं तेल. दुसरं काही नाही, मनात काही आणू नका. खंडेनवमी सहा दिवसांवर आली. गेली पाच वर्षं खंडेनवमीला सकाळी आठच्या बसनं तुम्ही दिंडोरीहून येता, खांद्यावर हत्यारांची पिशवी, बगलेत छत्री (पाऊस असो नसो), आणि 'काय म्हणतेय आपली गाडी' असं फाटकातूनच विचारता. मग दुपारपर्यंत तेल बदलायचं, गाडी धुवायची, पान्ह्यांना नि चाकांना हळदकुंकू लावायचं, की दसऱ्याच्या झेंडूला ती मोकळी. यंदा तुम्ही येणार की नाही हे मला कुणी सांगितलेलं नाही, आणि विचारावं कुणाला तेही कळत नाही. जीवनला पुण्याला फोनवर विचारलं, तर म्हणाला, अण्णा, आता त्यांचा आपला काय संबंध. चार महिने मी रोज सकाळी फाटकाकडे बघतो आणि मग कामाला लागतो. शेवटी असं धरून चाललो की तुम्ही काही येणार नाही, तेव्हा यंदा तेल आपणच बदलायचं.

आता पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितो, कारण संध्याकाळी इथे ऐकायला कुणी नसतं (भागीबाई पाचला घरी जाते, शिवाय तिनं हे सगळं ऐकलेलं आहे, आणि आता मी सुरुवात केली की ती पाटी उचलून दुसऱ्या वाफ्यात जाते). आपली व्हॅन मुळात मागच्या दोन चाकांवर चालणारी. डांबरी रस्त्यावर राणीसारखी, पण नाल्याकाठच्या खालच्या रानात पाऊस पडला की काळ्या मातीत गपकन बसायची. अठ्ठ्याण्णव साली ती गणपतीच्या फुलांसकट दोन दिवस रुतून राहिली, बैलजोडी लावून काढली, आणि फुलं शेवटी गाईंनी खाल्ली. दुसऱ्याच वर्षी धोंड्याचा महिना आला. लेक देऊन दोन वर्षं झालेली, म्हणजे तुम्ही जावयाला वाण देणार. लोक चांदीचं ताट देतात, अंगठी देतात. जीवननं तर बोटाचं माप दोऱ्यानं घेऊन त्याच्या आईकडे, नवसाबाईकडे देऊन ठेवलं होतं. तुम्ही आलात ते टेम्पोनं. वर पितळी परातीत तेहतीस अनारसे, त्यांवर विणलेला रुमाल, आणि खाली गोणपाटात गुंडाळून, हळदकुंकू लावून आणलेला, लिलावातल्या जुन्या जीपचा पुढचा ॲक्सल. जावयाची गाडी रुतते ते बघवत नाही, हिला पुढूनही ओढायला लावू, असं तुम्ही आमच्या नवसाबाईला म्हणालात. जीवनचं तोंड एवढंसं झालं. मला मात्र आयुष्यात एवढं आवडलेलं दुसरं वाण नाही, आणि ते माझं नव्हतं.

तुम्ही एसटीच्या वर्कशॉपातून तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले, हातांना काम हवंच होतं. पाऊस लागायच्या आत गाडी चारही चाकांनी ओढायला लागली. ती वीतभर उंचही झाली, नवसाबाईला चढायला दोन विटा ठेवाव्या लागायच्या, आणि बाजारातले हमाल तिला उंट म्हणायला लागले, ते सोडून द्या. तेव्हापासून तुम्ही काही ना काही निमित्तानं यायचात, आणि आपण दोघं गाडीखाली गेलो की दुपारपर्यंत वर यायचो नाही. नवसाबाई म्हणायची, लग्न पोरांचं केलं आणि संसार या दोघांनी मांडला. आपण खालून हसायचो. पोरं एका ओट्यावर बसूनही एकमेकांशी बोलत नव्हती, हे आपल्याला गाडीखालून दिसलं नाही, भाऊ. नवसाबाईला दिसलं असणार. ती आता असती तर विचारलं असतं, पण तिला जाऊनही तीन वर्षं होतील.

तर गेल्या सोमवारचं सांगतो. तेल बदलायचं म्हणजे इंजिनाच्या चेंबरखालचा नट उघडायचा, जुनं जाऊ द्यायचं, नट लावायचा आणि वरून नवं ओतायचं. बाकीच्या जगात एवढंच असतं. पण तुम्ही घातलेला ॲक्सल बरोबर चेंबरच्या पोटाखालून गेलाय, आणि तो नट त्याच्यामागे दडून बसलाय. तुम्ही जॅक लावायचात, ॲक्सल खाली लोंबायचा, मधे फट पडायची आणि तिच्यातून तुमचा हात जायचा. मी शेजारी आडवा पडून उजेडासाठी बॅटरी धरायचो नि इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचो. पाच वर्षं बॅटरी धरली म्हणजे काम आलं, असा माझा समज होता. मी जॅक थेट ॲक्सललाच लावला. गाडी वर चढत होती, पण ॲक्सलही तिच्याबरोबर चढत होता, आणि फट पडायचं नाव नाही. तासभर मी जॅकला आणि जॅक बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. भागीबाई वाफे सोडून मुद्दाम बघायला आली होती. ती म्हणाली की अण्णा, बाजेचं पाय लोंबवायचं तर बाज धरून उचलावी लागती, पाय धरून नाय. जॅक काढून गाडीच्या सांगाड्याला लावला, तर ॲक्सल गुमान खाली आला. दहावीपर्यंत शिकलेल्या माणसाला हे आपण सांगितलं, याचा भागीबाईला इतका आनंद झाला की ती दिवसभर माझ्याशी गोड बोलत होती, आणि मला तेच जास्त लागलं.

दुसरी अडचण स्टिअरिंगच्या दांड्याची. तो वाटेतून बाजूला व्हायला चाकं पार डावीकडे वळवून कुणीतरी वर धरून बसावं लागतं. आधी ही जागा नवसाबाईची होती, नंतर प्रतिभा बसायची, मांडीवर पुस्तक घेऊन, आणि आपण खालून ओरडलो तरच पान उलटायचं थांबवायची. यंदा भागीबाईला बसवलं. ती विटांवरून चढली, पदर खोचला, तंबाखूची पिशवी समोर मांडली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या जागेवर बसल्याची वर्दी हॉर्न वाजवून सगळ्या वस्तीला दिली. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक बाईला ती नावानं हाक मारत होती आणि कुठे निघालीस ते विचारत होती. हितून समदं मखमलाबाद दिसतंय, असं तिनं मला चारदा सांगितलं. मला खालून फक्त ॲक्सल दिसत होता.

आणि मग ती चूक झाली. तुम्ही न बघता, बोटांनी चाचपून नट शोधायचात, तसा मीही चाचपला. एक नट लागला. सतराचा पान्हा बसला, नट सुटला, तेल आलं. जाड, पिवळट, आणि गंधकासारखा वास. मला वाटलं वर्षभरात तेलाचं असं होत असेल, माझी तरी तब्येत गेल्या वर्षीसारखी कुठे राहिली आहे. सगळं घमेल्यात उतरू दिलं, नट आवळला आणि नवं पाच लिटर वरून ओतलं. पट्टी काढून बघितली, तर तेल खुणेच्या कितीतरी वर. मी भागीबाईला म्हटलं की बघ, यंदा कसं भरपूर भरलंय. म्हणजे काय झालं ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल. मी उघडला तो गिअरबॉक्सचा नट. इंजिनात जुनंही पाच लिटर आणि नवंही पाच लिटर, आणि गिअरबॉक्स कोरडा ठणठणीत.

गाडी चालू केली आणि मागून जो धूर निघाला, पांढरा, निळा, पुन्हा पांढरा, की झेंडू दिसेनासा झाला. शेजारच्या वस्तीतल्या बायकांना वाटलं महानगरपालिकेची डासांची फवारणी आली, त्यांनी पोरांना आत घेऊन खिडक्या लावल्या. पलीकडचे एक गृहस्थ येऊन आमच्याही गल्लीत एक चक्कर मारा म्हणून विनंती करून गेले. मी गिअर टाकला, तर आतून असा आवाज आला की गाई दावणीत उठून उभ्या राहिल्या. चार पावलं गाडी हलली आणि मी घाईनं किल्ली काढली. भागीबाईला खाली उतर म्हटलं, तर म्हणाली, थोडं थांबा की, अजून कुसाबाई जायची हाय हितून.

संध्याकाळी पेठ रोडवरचा एक गॅरेजवाला बोलावून आणला. तो खाली डोकं घालून बराच वेळ नुसती शिट्टी वाजवत राहिला. मग बाहेर येऊन त्यानं विचारलं, काका, हे बनवलंय कुणी?

"आमच्या व्याह्यांनी," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. तो म्हणाला, मग त्यांनाच बोलवा, यातला एक पार्ट दुसऱ्याच्या ओळखीचा नाही, मी हात लावत नाही. भागीबाई शेजारीच होती. ते आता व्याही राहिले नाहीत, हे सांगायला तिनं तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. भागीबाईनं आपणहून तोंड मिटल्याचा माझ्या माहितीतला हा पहिलाच प्रसंग. मी गाईंना चारा टाकायला म्हणून गोठ्यात गेलो (चारा टाकलेला होता) आणि थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. वाईट वाटलं, मोतीरामभाऊ. तुमच्यापासून लपवून काय करू?

जूनमध्ये कोर्टाच्या आवारातही असंच झालं होतं. त्या दोघांनी एकमेकांना वाईट काही म्हटलं नाही, चांगलंही नाही. सह्या केल्या, एकानं पुण्याची गाडी धरली आणि दुसरी रिक्षात जाऊन बसली. तुम्ही लिंबाखाली उभे होता, मी सायकल स्टँडपाशी. मधे वीसेक पावलं. मला तुमच्याकडे यायचं होतं, आणि काय बोलायचं तेही तयार होतं, की पाऊस लागायच्या आत गिअरबॉक्सचं तेल बघून घ्यायला हवं का. पण अशा दिवशी असलं विचारणं बरं दिसेल का, या विचारात मी राहिलो. तुम्ही चष्मा पुसत होता. बराच वेळ पुसत होता. मग रिक्षा सुरू झाली आणि तुम्ही गेलात. तेव्हा विचारलं असतं तर निदान गिअरबॉक्सचा नट कुठे असतो हे तरी मला त्या दिवशी कळलं असतं.

आता मुद्द्याचं. दोन्हीकडच्या वकिलांनी परत करायच्या वस्तूंची यादी केली होती. कपाट, पलंग, मिक्सर, तांब्याचा हंडा. सगळं पोचलं ना? (हंड्याला पोचा आहे तो आमच्याकडचा नाही, आधीपासून होता, पण असू द्या.) त्या यादीत ॲक्सल नाही. वकिलांना तो सुचला नाही, आणि जीवनला तर तो कधीच आपला वाटला नाही. पण वाण ते वाण. न्यायानं बघितलं तर पुढची दोन चाकं तुमची आणि मागची दोन माझी. कुणाचं दाबून ठेवणारा माणूस मी नाही. न्यायचा असेल तर खुशाल न्या, गाडी पुन्हा मागच्या दोन चाकांवर चालेल आणि खालच्या रानात रुतेल, माझं काही म्हणणं नाही. फक्त काढायला तुम्हालाच यावं लागेल, कारण गॅरेजवाला हात लावत नाही. आणि न्यायचा नसेल तर नाही न्यायचा, एवढं सांगायला या. खंडेनवमी तुम्हाला सोयीची पडेल, आठची बस अजून चालू आहे, मी फाट्यावर जाऊन चौकशी केली.

आणखी काय लिहू? प्रतिभाला आशीर्वाद सांगा, घ्यायचे की नाही ते तिच्यावर. तिचं पुस्तक गाडीत राहिलंय, खुणेचा कागद जिथे होता तिथेच आहे, मी वाचून बघितलं पण मला काही कळलं नाही. लोभ असावा असं शेवटी लिहितात. आपल्यात आता ते मागायची रीत राहिली की नाही मला माहीत नाही, पण माझ्याकडून तो आहे. पुष्कळ आहे, आणि तो नेऊन ठेवायला दुसरी जागा नाही.

तुमचा,
कोंडाजी
(पुढे काय लावायचं ते तुम्ही ठरवा.)

ता. क. पत्र पुन्हा वाचून बघितलं तेव्हा लक्षात आलं, की वर लिहिलंय ते सगळं सोमवारचं, आणि आज शुक्रवार आहे. मधले दिवस लिहायचे राहिले. मंगळवारी मी बॅटरी दातांत धरून पुन्हा खाली गेलो, चेंबरचा खरा नट शोधला, जुनं-नवं सगळं काढून मापानं भरलं आणि गिअरबॉक्समध्येही त्याचं तेल घातलं. बुधवारी गाडी खालच्या रानात जाऊन आली. चिखल आहे, पण चारही चाकं ओढतात, आवाज नाही, धूर नाही. भागीबाई शेजारी बसून आली. तेव्हा तेलासाठी म्हणून तुम्ही यायची तशी काही गरज उरलेली नाही. हे आधीच लिहायला हवं होतं, पण मग पत्रात लिहायला काय राहिलं असतं?

ता. क. दुसरा. सात वर्षांत तुम्ही आमच्याकडे पाण्याचा घोट घेतला नाहीत. लेक दिली त्या घरी, तिला मूल होईपर्यंत खायचं-प्यायचं नाही, ही रीत. जुनी माणसंसुद्धा आता ती सोडून देतात, तुम्ही नाही सोडलीत. भर उन्हात गाडीखाली राबायचात आणि दुपारी शेजारच्या ओट्यावर जाऊन घरून आणलेला डबा खायचात, आणि नवसाबाई इकडे चुलीपुढे बसून चरफडायची. ती गेली त्या दिवशीसुद्धा तुम्ही तहानलेले परत गेलात. मंगळवारी गाडीखाली पडल्या पडल्या माझ्या ध्यानात आलं, की आता आमच्या घरात तुमची लेक नाही. म्हणजे रीतही नाही. खंडेनवमीला आलात तर चहा मी स्वतः करीन, बरा होतो. फक्त तुम्ही साखर किती घेता हे मला माहीत नाही. तेवढं उलट टपाली कळवा.